केवळाबाईच्या तळणीतलं फूल

मी, दगडोबा मारोतराव सोन्नर, वय एकाहत्तर, धंदा तळलेल्या चिकनचा गाडा, राहणार पूर्णा, जिल्हा परभणी, डोकं जागेवर असताना आणि कोणी गळ घातलेली नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. याआधी असं काही लिहिलेलं नाही. माझी बायको केवळाबाई माझ्यामागं राहील आणि सगळं बघेल, असं मी धरून चाललो होतो. ती आधी गेली.

१. राहतं घर माझा एकुलता मुलगा हरिओम याला द्यावं. तो पुण्याला असतो. विकायचं असेल तर खुशाल विकावं; मात्र त्याआधी एकदा येऊन आत बसावं. फोनवर सौदा उरकू नये.

२. स्टेशनबाहेरच्या माझ्या गाड्यापुढचं बाकडं, ज्याचा एक पाय आखूड आहे, ते चुलतभाऊ शिवशंकर याला द्यावं. केवळाबाई गेल्यावर तो माझ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "चव वहिनीच्या हाताला होती. दगडूला नुस्तं तेल तापवता येतंय." मग त्यानं समोरच स्वतःचा गाडा टाकला. बाकड्यावर त्यानं स्वतःच बसावं. तो खरं बोलला, याचाच मला जास्त राग आहे.

३. कढई, झारा, खलबत्ता आणि तळणीचा मसाला माझी सून दीपिका हिला द्यावा. मसाला ही वस्तू नव्हे असं वकील म्हणतील. त्यांनी तो खाल्लेला नाही.

आमच्याकडं केवळाबाई मसाला कुटायची आणि मी तळायचो. त्यात काय पडतं, हे मी कधी विचारलं नाही. तिला अर्धांगाचा झटका आला तेव्हा दवाखान्यात पहिल्यांदा विचारलं. जड जिभेनं तिनं एकेक सांगितलं: धने, शहाजिरं, मिरे, दालचिनी, सुंठ, लाल मिरची. शेवटी म्हणाली, "अन् तुमचं फूल." आणि हसली. कुठलं फूल, ते विचारायचं राहून गेलं.

लग्नाच्या नवलाईत मी तिला नांदेडहून चक्रीफूल आणून दिलं होतं. ते तिनं देवापाशी जपून ठेवलं होतं. म्हणून मी चक्रीफूलच धरून बसलो. कमी घातलं, जास्त घातलं, कोरडं भाजलं, तेलात परतलं. चिकन गोडसर लागायचं. मग जायपत्री झाली, नागकेशर झालं. गुपित फुटू नये म्हणून मी प्रत्येक जिन्नस वेगळ्या दुकानातून आणायचो, आणि तिच्या नेहमीच्या दुकानाकडं तर मुद्दाम फिरकलो नाही. ते दुकान मानवतचं, तिच्या माहेरच्या वाटेवरचं. गेल्या साली त्याचे मालक गुरुसिद्धप्पा वारले, तेव्हा मात्र भेटायला जावंच लागलं.

त्यांच्या पत्नी बसम्मा, ज्यांच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही, माझ्याशी केवळाबाईच्या आठवणी काढत बसल्या. म्हणाल्या, "लय लाजायच्या बघा. दगडफुलाच्या बरणीकडं बोट करायच्या अन् म्हणायच्या, बसम्मा, ह्यांचं फूल द्या. तुमचं नाव तोंडात येतंय की त्यात."

दगडफूल काळ्या मसाल्यात पडतं. तळणीत ते कोण घालेल, म्हणून मी तिकडं बघितलंच नव्हतं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही आणि त्याच्याशी जुळणारा शब्दही टाळायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. केवळाबाई रस्त्यावरच्या दगडालाही धोंडाच म्हणायची. लग्नात बायका मागं लागल्या तरी तिनं उखाणा अर्धाच सोडला होता. हे सगळं मला माहीत होतं, तरी सुचलं नाही.

परत येऊन दगडफूल तेलात परतलं, कुटलं, चिकनला लावलं आणि तळलं. पहिल्याच घासाला तीच चव आली. ताट पुढ्यात घेऊन मी रडलो. हरिओमला फोन लावला. तो कामात होता, नंतर करतो म्हणाला. ही गोष्ट सांगावी असं घरात कोणी नव्हतं. फार एकटं वाटलं. उरलेलं झाकून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशीही मीच खाल्लं.

दीपिकालाच मसाला देण्याचं कारण असं की ती हरिओमला सरळ नावानं हाक मारते. नवी आली तेव्हा केवळाबाई ते ऐकून पदर तोंडाला लावायची आणि मीही नाक मुरडायचो. आता मला ते बरं वाटतं. तिनं गाडा चालवावा असं माझं म्हणणं नाही, तिला नोकरी आहे. घरच्यापुरतं करावं.

४. अट एकच. गाड्यावर मला सगळे मामा म्हणतात, मुलगा बाबा म्हणतो. नावानं हाक मारणारा शिवशंकर तेवढा उरला आहे, आणि त्याच्याशी मी बोलत नाही. म्हणून मसाला कुटताना दीपिकानं शेवटच्या जिनसाचं नाव पूर्ण आणि मोठ्यानं घ्यावं. केवळाबाईच्या फोटोसमोर घ्यावं. ती लाजेल. लाजू द्यावं.

वरचं सगळं मी वाचून, समजून, दोघांच्या समोर सही केली आहे.

ठिकाण: पूर्णा, जि. परभणी
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५

सही: दगडोबा मारोतराव सोन्नर

साक्षीदार:
१. बसम्मा गुरुसिद्धप्पा मिटकरी, मानवत
२. गोपाळ किशनराव भोसले, निवृत्त रेल्वे कर्मचारी, पूर्णा