बेंचवरचं पिवळं बोट

शुक्रवार, ५ ऑक्टोबर १९८४

१. बुधवारी कारखान्यात खंडेनवमीची पूजा. समईत तेल मी घातलं. त्याच बोटांनी टेस्ट बेंचला हळदकुंकू लावलं.
२. पूजेनंतर त्याच बेंचवर शेवटचे दोन व्हॉल्व्ह तपासले, नं. २३ आणि २४. बेंच आधी पुसला नाही.
३. कागदावर 'तेल-ग्रीस नाही' यापुढे सही केली.
४. संध्याकाळच्या गाडीने चोवीसच्या चोवीस गेले.
५. काल दसरा, सुट्टी. आज सकाळी बेंचच्या क्लॅम्पवर पिवळं बोट उमटलेलं दिसलं. तेलकट. माझं.

व्हॉल्व्ह श्वासाच्या ऑक्सिजनचे. अंतराळवीरांचा सराव होतो त्या चेंबरला बसणार. दाबाखालच्या ऑक्सिजनला तेल लागलं तर आग. आत माणूस असतो.

फिटर पाटीलकाकांना बोट दाखवलं. ते इथलेच, पावणे गावचे. "मॅडम, देवाचा कुकू हाय, त्याचा काय व्हनार? पुसून टाका नि गप ऱ्हावा. पुढच्या महिन्यान पर्मनंट व्हनार ना तुमी?"

पुसलं नाही. सव्वादहाला मॅनेजर कर्णिकसाहेबांना सांगितलं. त्यांनी लगेच चेंबरवाल्यांकडे ट्रंक कॉल बुक केला. दिवसभर लाइन नाही.

जेवले नाही.

शनिवार, ६ ऑक्टोबर

अकराला लाइन लागली. तिकडचे स्टोअरकीपर म्हणाले, पेटी आली आहे, सील तसंच आहे, बाजूला ठेवतो. मी खुर्चीत बसले. इतका वेळ उभी होते हे तेव्हा कळलं.

दुपारी साहेबांनी सगळ्यांना बेंचपाशी बोलावलं. जूनमध्ये हवाई दलाचे एक डॉक्टर आले होते, अंतराळवीरांच्या सरावाचं सांगायला. प्रत्येक सरावानंतर सगळे एकत्र बसतात. स्वतःची चूक आधी प्रमुख सांगतो, मग बाकीचे. तेव्हा वहीत टिपलं होतं. मनात म्हटलं होतं, आपल्याकडे? शक्य नाही.

साहेब म्हणाले, "गाडी खोळंबली होती म्हणून पूजा झाल्या झाल्या काम सुरू करायला मी लावलं. बेंच साफ झाला का, विचारलं नाही. ही माझी चूक."

मग पाटीलकाका. "बोट तं मी तवाच बघितला व्हता. बोल्लो नाय. मॅडमनी लावलेला कुकू, कोन पुसनार?"

हसले सगळे. मीही. मग माझं सांगितलं, क्रमाने. आवाज ठीक होता.

पुढच्या वर्षीपासून हळदकुंकू दाराच्या चौकटीला. बेंचला फक्त फूल, तेही लांबून.

घरी दोनदा भात घेतला. आई बघत राहिली.

सोमवार, ८ ऑक्टोबर

साहेब म्हणाले, "पत्राचा मसुदा तुम्ही करा. सही दोघांची." पर्मनंटचं मी विचारलं नाही. त्यांनीही काढलं नाही. पेटी परत आली तर तो विषय बहुतेक बंदच.

मसुदा:

'व्हॉल्व्ह नं. २३ व २४ यांना तेलाचा अंश लागला असण्याची शक्यता आहे. तपासणी मी केली होती. दोन्ही वापरू नयेत. उरलेले बावीस आपण ठेवणार की संपूर्ण पेटी परत पाठवणार, हे कृपया शुक्रवार, १९ ऑक्टोबरपर्यंत लेखी कळवावे.'