अनुपला म्हटलेला शब्द

मोरगाव, १२ जानेवारी २०२५

चि. दिशास,
आबाचा जय भीम आन् भरभरून आशीर्वाद.

फोनवर तू कायम घाईत, म्हणून कागदावर लिहितो. तुझ्या पीएच.डी.च्या सत्काराला इंदापूरला आलो, तवापासून ह्या बापाची छाती फुगलेली हाय. भाषण इंग्रजीत, मला काय कळलं न्हाय. पण तू अनुपकडं हात करून एक शब्द बोललीस आन् समदे हसले. अनुपनं टाळ्या वाजवल्या. शेजारच्या सरांकडून मी शब्द लिहून घेतला : ॲबरेशन. एमआयडीसीतली पर्मनंट नोकरी सोडून शेळ्या धरल्या म्हणून लोक त्याला नावं ठेवत्यात. बहिणीनं भर सभेत त्याचं कौतुक केलं, लई बरं वाटलं. शेडवर पाटी लावायची हाय. मी म्हणतो, 'ॲबरेशन गोट फार्म' लिहू. अनुप म्हणतो, घाई नको. अर्थ आन् स्पेलिंग कळव. येळेवर जेवत जा.

तुझा आबा

इंदापूर, १८ जानेवारी

ती. आबांस,
दिशाचा जय भीम.

तुमचं पत्र आल्यापासून कॉलेजात शिकवायला वर्गात उभं राहवत नाही. शब्द मुळात लॅटिन. 'अब' म्हणजे दूर, 'एर्रारे' म्हणजे भटकणं. वाट सोडून दूर भटकणं. एवढंच लिहून थांबावं असं वाटलं. शेळ्यांमागं हिंडणाऱ्याला ते शोभलंही असतं. पण आता त्याचा अर्थ विचलन, सरळ चालीतून सुटलेलं काहीतरी. मी म्हणाले होते, आमच्या घरात सगळे मार्गी लागले, हा एवढा ॲबरेशन. आबा, चार लोकांना हसवायला मी माझा भाऊ वापरला. पाटी रंगवू नका. त्याला काही बोलू नका, पुढच्या रविवारी येऊन मीच सांगते. तोवर माया कमी करू नका.

तुमची अपराधी,
दिशा

मोरगाव, २२ जानेवारी

दिशाताईस,
अनुपचा जय भीम.

तुझं अक्षर आबांना लागत न्हाय, पत्र मलाच वाचायला दिलं. 'भटकणं' इथपर्यंत मोठ्यानं वाचलं, पुढचं मनात. आबांना म्हणालो, शब्द चांगला हाय, पण पाटीवर मावायचा न्हाय.

अर्थ मी तितंच, हॉलमधी मोबाइलवर बघितला होता. आबा खूश होते, त्यांचा आनंद मोडवंना. शब्दाचं एवढं लागलं न्हाय. नोकरी सोडली तवा तू तोंडावर शिव्या घातल्यास, त्या मी ऐकून घेतल्या. ह्या वेळी आमी दोघं पुढं बसलेलो, आन् आमाला कळणार न्हाय अशा भाषेत बोललीस. ते लागलं.

रविवारी ये. आबांशी खोटं मी एकदा बोललो, परत जमायचं न्हाय. तूच सांग त्यांना. मराठीत.

लोभ हाय तसाच हाय.

तुझा अनुप