चाचणीची तारीख

२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि चिऊने काढलेली मोटार, दोन्ही पोचलं. मोटारीला पाच चाकं आहेत. पाचवं आईला लागेल म्हणून काढलं असेल, तर माझी लेक माझ्यापेक्षा हुशार निघणार. चित्र फ्रीजच्या दारावर लावलंय.

खरं म्हणजे हे फोनवर बोलता आलं असतं. पण तू फोन घेतलास की चिऊ तुझ्या मांडीवर असते, आणि माझा आवाज जरा इकडचा तिकडे झाला की तिला कळतं. म्हणून लिहिते आहे.

इथे आल्यापासून एक वर्षच आपलं लायसन्स चालतं. माझं वर्ष तीस एप्रिलला भरतं. त्यानंतर हातात इथलं लायसन्स नसेल तर नोकरी संपली. मी काही वॉर्डातली नर्स नाही, घरोघर जाऊन जखमा बांधणारी नर्स आहे. दिवसाला नऊ घरं, एक घर या टोकाला तर दुसरं त्या टोकाला, आणि बस दोन-दोन तासांनी. आमच्या मेट्रनबाईंनी स्पष्ट सांगितलंय की गाडी न चालवणारी नर्स त्यांच्या कामाची नाही. आणि नोकरी कायम झाल्याशिवाय चिऊला इकडे आणायच्या कागदांना कुणी हातसुद्धा लावणार नाही.

काल लायसन्सच्या ऑफिसात गेले होते. खिडकीतल्या बाईने एकच फॉर्म पुढे सरकवला. आपल्या देशात रस्त्यावरची चाचणी दिली असेल तर तिची तारीख लिहायची आणि मजकूर खरा असल्याची सही करायची. मग नुसते डोळे तपासून कार्ड देतात. दिली नसेल तर लेखी परीक्षा, वीस तास शिकवणी, मग चाचणी. तिचा नंबर लागायलाच महिने जातात.

ताई, मी तारीख काय लिहू? माझं लायसन्स भावोजींनी त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलमधून काढून दिलं होतं. मला आठवतं ते एवढंच की मी बाहेर गाडीत बसले होते, भावोजी आत गेले, फोटोपुरतं मला बोलावलं आणि पंधरा मिनिटांत आपण घरी. त्यांना एकदा विचार. फॉर्म अजून माझ्या पर्समध्ये कोरा आहे.

मोठ्यांना नमस्कार सांग, चिऊला दोन पाप्या जास्तीच्या दे, आणि माझ्यावरचा जीव आहे तसाच राहू दे.

तुझी,
टिंगू

१३ फेब्रुवारी

चि. टिंगूस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. एवढ्याशा गोष्टीचं केवढं ओझं घेतेस गं! यांना विचारलं. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, लायसन्सवर चौदा जून आहे, तीच लिही म्हणावं, विषय संपला. तेव्हा तेवढं लिही आणि मोकळी हो. नऊ महिने तिथे गाडी चालवते आहेस, कुणाला धक्का तरी लागला का? मग झाली की तुझी चाचणी. बुटक्या माणसाने दोन उशा घेऊन गाडी चालवायची, याचीच खरं तर परीक्षा घ्यायला हवी!

एक मात्र सांगून ठेवते. इथल्या ऑफिसात नवे साहेब आलेत, ते जुन्या फायली उकरतायत. गावातल्या दोन स्कूलना नोटिसा गेल्या. आपल्यावर अजून काही नाही. काळजी लागली की हे गाडी धुतात, तुला ठाऊकच आहे. या आठवड्यात चार वेळा धुऊन झाली. तेव्हा तुझ्या बाजूने विचारपूस करणारं एखादं पत्र इकडे येईल असं काही करू नकोस, बाई.

चिऊचा पुढचा दात पडला. माझा पदर मुठीत धरल्याशिवाय झोपत नाही. परवा मला चुकून आई म्हणाली. मी लगेच सुधारलं.

वेळेवर जेवत जा. आम्हा सगळ्यांची माया तुझ्या पाठीशी आहेच.

तुझी,
ताई

२४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कुणाला धक्का लागला का, असं तू विचारलंस. ताई, नाही लागला. पण नोव्हेंबरात जे झालं ते मी तुला कळवलं नव्हतं. आज लिहिते.

सकाळचे साडेआठ झाले होते, पायाच्या जखमेच्या आजोबांकडे जायला उशीर झाला होता. पुढे शाळेची बस थांबलेली, मागे लाल दिवे उघडझाप करत होते. आपल्याकडे थांबलेल्या बसला वळसा घालून पुढे जातात, तशी मी निघाले. बसच्या पुढून एक मुलगी रस्ता ओलांडत होती. आपल्या चिऊएवढी, पाठीवर तिच्याहून मोठं दप्तर. मी अक्षरशः ब्रेकवर उभी राहिले. तिच्या दप्तराचा लोंबता पट्टा माझ्या बॉनेटला घासून गेला. एवढंच. पोरगी रडलीही नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली.

बस चालवणारी बाई उतरून माझ्या काचेपाशी आली. दिवे दिसले नाहीत का, असं विचारलं. मी म्हटलं, दिसले, पण त्यांचा अर्थ मला माहीत नव्हता. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त त्या मुलीचा हात धरला आणि तिला पलीकडे नेऊन सोडलं. ते दिवे लागले की इथे रस्त्याच्या दोन्ही बाजू थांबतात. हे इथल्या पहिलीतल्या पोरांनाही ठाऊक असतं. मला नव्हतं, कारण मला कधी कुणी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून ज्या दिवशी त्या रस्त्याने जावं लागतं, त्या दिवशी मी वीस मिनिटं आधी निघते.

म्हणून ताई, मी चौदा जून लिहिलं नाही. चाचणी दिलेली नाही, असं लिहून सही केली आणि काल फॉर्म देऊन आले. खिडकीतल्या बाईने दोनदा वाचलं आणि नक्की ना, असं विचारलं. माझं जुनं लायसन्स जमा झालं, आणि ज्यांनी ते दिलं त्या ऑफिसला विचारणा जाणार आहे. ती थांबवणं माझ्या हातात नाही, मी विनवून पाहिलं. चाचणीसाठी कुणीतरी रद्द केलेली वीस एप्रिल मला मिळाली. नापास झाले तर पुढची तारीख ऑगस्टातली, म्हणजे सगळं संपलंच. तोवर एकटीने गाडी चालवायची नाही. मेट्रनबाईंनी तीस एप्रिलपर्यंत गावातली पायी जाण्यासारखी घरं दिली आहेत, पुढे एक दिवसही नाही म्हणाल्या.

भावोजींना तू हे कसं सांगशील, मला कळत नाही. रागवा, पण अबोला धरू नका.

तुझी,
टिंगू

६ मार्च

टिंगू,

आज मायना लिहायला हात वळत नाही, म्हणून तसंच सुरू करते.

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. ते उठून बाहेर गेले ते संध्याकाळी आले. दोन दिवस ताटावर बसून नुसता भात चिवडतात. तुला खरं बोलायचं होतं, बोललीस. पण ते खरं कुणाच्या दारात जाऊन पडणार, याचा विचार केलास का? तुझा नवरा गेला तेव्हा चिऊ दीड वर्षाची होती. पुढच्याच महिन्यात तुला घरी घेऊन येणारे कोण होते? नोकरीसाठी बाहेर जा, पोरीला आम्ही बघतो, हे म्हणणारे कोण होते? लायसन्ससुद्धा त्यांनी तुझ्या सोयीसाठीच काढून दिलं. तू नुकती नोकरीला लागली होतीस, रजा मिळत नव्हती, विसरलीस?

आणि आता तू नापास झालीस तर? नोकरी जाणार, इथे यांचं स्कूल जाणार, आणि त्या पोरीला मी काय सांगू? रोज बोटं मोजते ती, आई मला न्यायला कधी येणार म्हणून. एक तारीख लिहायची होती गं. दोन आकडे.

चिऊ बरी आहे. बाकी लिहिण्यासारखं नाही.

ताई

१९ मार्च

चि. टिंगूस आशीर्वाद.

स्कूलवरची पाटी सोडली तर गेल्या वीस वर्षांत मी काही लिहिलेलं नाही, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घे. तुझ्या ताईने तुला काय लिहिलं ते काल तिनेच मला सांगितलं आणि मग रडत बसली. ते मनावर घेऊ नकोस. ती रागावते ती घाबरली म्हणून.

सोमवारी मला ऑफिसात बोलावणं आलं. साहेबांनी तुझा कागद पुढे ठेवला आणि विचारलं, चाचणी झाली होती का. मी घरून उत्तर पाठ करून गेलो होतो. झाली होती, मी स्वतः हजर होतो, असं. पण तुझं ते बसचं वाचल्यापासून मला एकच गोष्ट छळत होती. त्या जूनमध्ये तू एकटी नव्हतीस. एकवीस जणांना मी तशीच, चाचणी न देता लायसन्सं काढून दिली. त्यातला एक आज शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतो. रोज सकाळी आपल्या दारावरून जातो, हात करतो.

मी साहेबांना म्हटलं, झाली नाही. आणि एकवीसच्या एकवीस नावं सांगितली. सगळ्यांना परत चाचणीला बोलावणार आहेत. स्कूल सहा महिने बंद. तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे. हे एकदा नीट वाच आणि परत त्यावर बोलू नकोस.

आता तुझं. मी तुला कधी शिकवलं नाही, फक्त कार्ड दिलं. निदान आता चार गोष्टी ऐक. आरशात नुसते डोळे फिरवू नकोस, मान वळव. परीक्षक तुझी मान बघतो. उशी बुडाखाली एक आणि पाठीमागे एक, म्हणजे क्लचपर्यंत पाय पुरा पोचेल. चढावर हँडब्रेक सोडायची घाई नको, गाडी पुढे ओढायला लागली की मग सोड. आणि चूक झाली तर तिच्याकडे वळून बघू नकोस. पुढच्या वळणाचं बघ.

तुझे,
भावोजी

२१ एप्रिल

ती. भावोजी आणि ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लेखी परीक्षा आणि वीस तास शिकवणी आधीच उरकली होती, काल चाचणी झाली. सगळं क्रमाने सांगते, नाहीतर ताई आधी शेवट वाचेल.

परीक्षक उंच होते, गुडघे जवळजवळ छातीला टेकवून बसले. नमस्कारालाही नुसती मान हलवली. मांडीवर फळी, फळीवर कागद. डावीकडे, उजवीकडे, यापलीकडे शब्द नाही. माझे हात इतके घामेजले होते की पहिल्याच वळणाला स्टिअरिंग हातातून निसटून आपणच सरळ झालं. त्यांनी काहीतरी लिहिलं. मी बघितलं नाही.

गोल चौक पार पडला. चढावरही गाडी मागे घसरली नाही, भावोजी. मग रस्त्याचं काम चालू असलेला चौक आला. सिग्नल लाल, आणि मधोमध पिवळं जाकीट घातलेला माणूस मला पुढे यायची खूण करतोय. लाल असताना निघाले तर नापास, नाही निघाले आणि त्याचंच ऐकायचं असलं तरी नापास. मागून भोंगे सुरू झाले. शेजारच्या साहेबांचा चेहरा दगड. पुस्तकातलं ते पान मला डोळ्यांपुढे दिसत होतं, पण अक्षरं काही लागेनात. मी काच खाली केली आणि त्या माणसाच्या डोळ्यांत बघून स्वतःकडे बोट केलं, मीच ना म्हणून. त्याने मान हलवली आणि पुन्हा हात केला. मी दोन्ही बाजूंना मान वळवली आणि लालमधून गाडी काढली. शेजारी पेन सुरू झालं ते थांबेचना. मला वाटलं, झालं, बुडालं सगळं. चिऊला काय सांगायचं, ते मी तिथेच ठरवायला लागले होते. गाडी मागे घेताना एक चाक कडेला घासलं, त्याचंही मला काहीच वाटलं नाही, इतकं मन मेलं होतं.

ऑफिसच्या आवारात गाडी थांबवल्यावर त्यांनी कागद वाचला. चाक कडेला लागलं, वळणावर वेग फार कमी, पहिल्या वळणाला हात सैल. मग म्हणाले, सिग्नलपाशी माणूस उभा असेल तर त्याचं ऐकायचं. बरेच जण तिथे एकतर थिजतात नाहीतर न बघता सुसाट निघतात. मी विचारून निघाले, तेच त्यांनी एवढं लांबलचक लिहिलं होतं. मी पास आहे, म्हणाले.

मला पट्टा सोडवेना. तो अडकलाय असं वाटून त्यांनीच वाकून सोडवला, आणि मी रडायला लागल्यावर खिडकीबाहेर बघत बसून राहिले, उतरले नाहीत.

आज मेट्रनबाईंनी एक मेपासून कायम केल्याचं पत्र दिलं. बाई हसतात हे मला आजच कळलं. सोबत चिऊचे कागद पाठवते आहे. तिसऱ्या पानावर, सध्याचे पालक, तिथे ताईची सही हवी. भावोजी, परत बोलू नकोस म्हणालात, म्हणून बोलत नाही. ताई, तुझ्या त्या पत्राला मायना नव्हता. पुढच्याला असेल ना?

तुमची,
टिंगू

९ मे

चि. टिंगूस,
अ. उ. आ.

घे, लिहिला मायना. मनापासून लिहिला.

तू सांगून ठेवलंस तरी मी शेवटच आधी वाचला. तुझ्या पास झाल्याचं यांना सांगितलं तर म्हणाले, वळणावर वेग कमी होता ना, दुसऱ्या गिअरमध्ये टाकायला हवी होती. मग आतल्या खोलीत गेले आणि बराच वेळ आले नाहीत. स्कूलला कुलूप आहे. हे सध्या दुसऱ्याच्या स्कूलमध्ये शिकवायला जातात. सवय नाही दुसऱ्याच्या हाताखाली काम करायची, घरी आले की पाय धुऊन लगेच आडवे होतात. व्हॅनवाल्याला मात्र रविवारी घेऊन बसतात. तो पहिल्या चाचणीत नापास झाला, आता दुसरी देणार आहे.

तुला मी जे बोलले ते बोलून गेले. पुसता येत नाही. पण त्या दिवसांत तुझ्या पत्रातली ती मुलगी माझ्या डोळ्यांसमोर यायला लागली की तिला चिऊचाच चेहरा असायचा, आणि त्याचाच मला तुझ्यावर राग येत होता.

चिऊची तयारी झाली. दोन फ्रॉक उसवून मोठे केले. ती रात्री उठली तर पाणी मागत नाही, नुसती बसून राहते. तेव्हा तूच विचार. डाव्या कुशीवर झोपते. पदर धरते ते तुला माहीत आहे, तिथे साडी नेसत नसशील तर जुनी ओढणी काढून ठेव.

कागद सोबत आहेत. तिसऱ्या पानावर सही केली आहे. त्याला चार दिवस लागले. पेन चालत नव्हतं, असं यांना सांगितलंय.

तुझी,
ताई