ताट कोण सरकवतं?

३ फेब्रुवारी, सोमवार
आमच्या अडीच वर्षांच्या शिवप्रियानं आज पुन्हा ताट सरकवलं. वरण पार उंबऱ्यापर्यंत. वर "बेडा! बेडा!" म्हणून किंचाळणं. 'नको' कन्नडमधून म्हणते, त्या अर्थी राग आजोळचाच. खाण तशी माती. बायकोला, श्रीदेवीला, तसं स्पष्ट सांगितलं. तिनं गुमान फडकं घेतलं.

४ फेब्रुवारी
अंगणवाडीच्या रुद्रम्मा मॅडम म्हणाल्या, लेकरं राग आवरायला घरच्यांकडं बघूनच शिकत्यात. घरात झोप नीट होती का? म्हटलं, होती की, मी आठ तास झोपतो. बघतच राहिल्या. इम्प्रेस झाल्या असाव्यात.
संकल्प : एकवीस दिवस रागावणं बंद. श्रीदेवीला रोज दुपारी दोन तास झोप. लेकीला मी सांभाळणार.

५ फेब्रुवारी, दुपारी २
झोप योजना चालू.
२.१० : लेकीला शी झाली. श्रीदेवीला उठवलं. दहा मिनिटं म्हंजे काय कमी न्हाय.

७ फेब्रुवारी
आमटीत मीठ न्हाय. ताट जरा पुढं केलं. सरकवलं न्हाय, पुढं केलं. वाटी आपोआप कलंडली. ह्याला राग म्हणत न्हाईत, सूचना म्हणतात. एकवीस दिवस उद्यापासून मोजू.

११ फेब्रुवारी
खताच्या दुकानात शेजारच्या धनाजीला शांत बापाचे नियम समजावत होतो. सारखा मधी मधी बोलायला लागला. नाइलाजानं ओरडावं लागलं. एकवीस दिवस परवापासून.

१४ फेब्रुवारी
श्रीदेवी परवाच लेकीला घेऊन माहेरी गेली, कर्नाटकात आळंदला. फोनवर सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, पोरगी दोन दिवस नुसती झोपलीया. आणि शिवप्रिया? गुमान जेवती, ताट जागच्या जागी. म्हटलं, हवापालटाचा गुण.
पण राग आजोळचा, तर आजोळी का येत न्हाय? विषय लई खोल आहे. उद्या बघू.

१७ फेब्रुवारी
घर शांत. करमत न्हाय. खिचडी मीच केली, मीठ विसरलं. सूचना कुणाला करावी?

१९ फेब्रुवारी
दोघी आल्या. श्रीदेवी चक्क हसत होती. लई दिवसांनी बघितलं, बरं वाटलं.
दुपारी जेवायला बसलो. भाकरी गार. मी एक शब्द बोललो न्हाय, नोंद असावी. नुसतं ताटाकडं बघितलं. तेवढ्यात शिवप्रिया तिच्या ताटावरनं उठली, माझ्यापुढं येऊन बसली. माझ्या ताटाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि हळूच म्हणाली, अप्पा, बेडा.
जेवलो. शेवटचा घास होईस्तोवर तिनं हात काढला न्हाय.