आवडाई नावाचा शिंपला

मी, बद्रीनाथ सांडू गाडेकर, वय ७६, निवृत्त भूशास्त्र प्राध्यापक, राहणार सिडको, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र राजीखुशीनं लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघे विचारत नाही.

१. राहतं घर व बँकेतल्या ठेवी पत्नी आवडाबाईला, तिच्यामागं मुलगा सुदर्शनला. त्यानं माझी जीवाश्मांची पेटी "दगडं" म्हणून गच्चीवर उन्हात टाकली होती, हे मी विसरलेलो नाही. तरी घर देतोय.

२. ती पेटी महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला परत द्यावी. निवृत्त होताना मी ती गुपचूप घरी आणली, कारण तिच्यात माझी चूक आहे. कच्छमधल्या एकाच दगडातून निघालेल्या, स्कॅलॉप या पंख्याच्या आकाराच्या शिंपल्याच्या दोन झडपा तिच्यात आहेत. एक वाटीसारखी खोलगट, दुसरी ताटलीसारखी चपटी. खोलगट झडपेला मी १९८९ साली नवी जात म्हणून नाव दिलं. चपटीला १९९४ साली दुसरी जात ठरवून बायकोच्या नावावरून 'आवडाई' म्हटलं. तो छापील कागद आमच्या बैठकीत काचेत आहे.

३. १९९६ साली प्रयोगशाळेचा परिचर कडुबा फकिरा साळवे यानं पेटी पुसताना झडपा एकमेकींवर ठेवल्या. खोलगटीवर ~~सोळा~~ पंधरा कंगोरे, चपटीवर चौदा. एकीचे कंगोरे दुसरीच्या खाचांत नेमके बसले, बिजागरीजवळचे कानासारखे कोपरेही जुळले. तो म्हणाला, "सर, ह्या दोन जाती नायत. एकाच जिवाची उजवी न् डावी बाजू हाय." मला ते तत्क्षणी पटलं. मी म्हणालो, "पगार झाडायचा घेतोस ना? मग झाड." विद्यार्थी हसले. त्याची लाज मला आजही वाटते.

४. एकाच जिवाला दोन नावं पडली तर जुनं टिकतं, असा नियम आहे. म्हणून 'आवडाई' रद्द होईल. तसं दुरुस्तीचं टिपण मी लिहिलं आहे. त्यावर कडुबाचं नाव आधी, माझं नंतर. माझ्या माघारी वकील तनुजाताईंनी ते छापायला द्यावं. कडुबाचं नाव गाळत असतील तर देऊ नये.

५. कलम ४ आवडाबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "माझं नाव रेशनकार्डावर हाय तेवढं लई झालं. पर मेल्यावर कशाला? तुमच्या तोंडानं सांगायला काय झालं? माणूस फुलंब्रीत जित्ता हाय." म्हणून 'माझ्या माघारी' हे शब्द रद्द. टिपण काल पाठवलं आणि कडुबाला बोलावलं.

६. माझं पितळी भिंग कडुबाला द्यायचं होतं. तनुजाताई म्हणाल्या, ज्याला काही मिळणार त्यानं साक्षीदार नसावं. कडुबा म्हणाला, "मग भिंग ऱ्हाऊ द्या सर. मी सही करतो." भिंगही विभागाला द्यावं.

खाडाखोडीबाबत: कलम ३ मध्ये मी सोळा कंगोरे लिहिले होते. सही करण्याआधी कडुबानं पेटी उघडायला लावली, नखानं एकेक मोजला आणि म्हणाला, "पंधरा." दुरुस्तीशेजारी आम्हा तिघांच्या सह्या आहेत. कडुबाचं बरोबर आहे.

लिहून देणार: बद्रीनाथ सांडू गाडेकर (सही)

साक्षीदार:
१. कडुबा फकिरा साळवे, फुलंब्री (सही)
२. राजेंद्र सर्जेराव म्हस्के, शेजारी (सही)

छत्रपती संभाजीनगर, दि. १८ फेब्रुवारी २०२५