रस्त्याकडची खोली आणि ‘चहा ठेव’चं गाणं

मी, बाबांची चिमटी, वय वर्षे सव्वीस, व्यवसाय वाचनालयातली फाटकी पुस्तकं बांधून देणं, पूर्ण शुद्धीत आणि कोणाचाही दबाव नसताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. कान तूर्तास दोन्ही शाबूत आहेत. उजव्या कानाच्या आत गाठ आहे, ती उद्या काढणार आहेत. डॉक्टरबाई म्हणाल्या, बहुतेक सगळं नीट होईल. त्यांच्या त्या ‘बहुतेक’साठी हा कागद.

कलम १. माझ्या सर्व मेटलच्या, म्हणजे कर्कश गिटारींच्या संगीताच्या, रेकॉर्ड (कलम ४ मधली सोडून) आणि चामडी जाकीट मुंगीला द्यावं. मुंगी हा माझा मित्र. दारातून वाकून आत येतो, म्हणून हे नाव. त्याला या कागदावर साक्षीदारही व्हायचं होतं, पण साक्षीदाराची सही करणाऱ्याला वाटा मिळत नाही, असं वकीलबाईंनी बजावलं. त्याने जरा डोकं खाजवलं आणि रेकॉर्ड निवडल्या. मी रागावले नाही, मीही तेच केलं असतं. जाकीट त्याला होणार नाही, हे त्यालाही ठाऊक आहे.

कलम २. गोष्टींची पुस्तकं वाचनालयाला. बर्फात भ्रमिष्ट होणारे खलाशी, माणसाची दखलही न घेणारे समुद्रतळाचे देव, बंद घरांतली भुतं, असा सगळा ऐवज आहे. आमच्या ग्रंथपाल बाई नेहमी विचारतात, तुला हसरं काही आवडत नाही का? आवडतं ना. ही वाचून मला शांत झोप लागते.

तत्त्वज्ञानाची पुस्तकं मात्र बाबांकडेच राहू द्यावीत. त्यातल्या एका जाडजूड ग्रंथात माणूस जन्मलाच नसता तर बरं झालं असतं, असं पटवून दिलं आहे. बाबा सुतार आहेत. त्यांनी चष्मा लावून एक पान वाचलं आणि म्हणाले, “मग हे लिहिलं असतं कोणी?” ग्रंथ पुढे तीनशे पानं चालतो, पण याचं उत्तर त्यात नाही.

लोक विचारतात, एवढी पोर आणि हे असलं का ऐकते, का वाचते? एकदाच सांगते. मी लहान असताना आई गेली. जो तो मला सांगे, ती चांगल्या जागी गेली. मला वाटे, आमच्या घराहून चांगली जागा कुठली? फक्त आत्याने तसं काही म्हटलं नाही. ती नुसती जवळ बसून माझे केस विंचरत राहिली. पुढे या गाण्यांत आणि या पुस्तकांत मला कोणीतरी स्पष्ट म्हणालं, की वाईट झालं. मला तेवढंच ऐकायचं होतं.

कलम ३. पुस्तकबांधणीचा शिकंजा, सुया आणि घडी दाबायची हाडाची पट्टी माझ्या जागी जी कोणी येईल तिला. शिकंजा डावीकडे ओढतो. त्याला शिव्या देऊ नयेत, त्याने सुधारत नाही.

कलम ४. रेकॉर्ड प्लेअर, मोठा स्पीकर आणि त्यावरची ती एक रेकॉर्ड बाबांना. करवतीच्या यंत्रांनी बाबांचे कान गेले. बारीक आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत. पाखरं नाहीत, बासरी नाही, आत्याचा आवाज तर नाहीच. एकदा मी ही रेकॉर्ड दणक्यात लावली. ते रागवायला आले, स्पीकरवर तळवा ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, “अगं, हे ऐकू येतंय.”

गाणं परक्या भाषेतलं आहे. सूर्य विझतो आणि समुद्रावर राख पडते, असा त्याचा अर्थ. मधे गायक पोटातून गुरगुरतो, ते बाबांना ‘चहा ठेव’ असं ऐकू येतं. मी अर्थ सांगितला. ते म्हणाले, असेल, पण वेळ चहाचीच झाली आहे. तेव्हापासून ती गुरगुर आली की बाबा उठून आधण ठेवतात.

कलम ५. आईकडून माझ्या नावावर आलेली रस्त्याकडची खोली आत्याला. आईनंतर तिनेच मला वाढवलं. पण त्याच गुरगुरीत तिला ‘चालती हो’ ऐकू आलं. त्या दिवशी तिचं आणि बाबांचं कशावरून तरी वाजलं होतं, त्यात मी हे गाणं लावलं. ती पिशवी भरून निघाली. मी तिच्या बिऱ्हाडी समजवायला गेले, तर तिने दार उघडून पुन्हा लावलं. बाबाही हट्टी, बोलवायला गेले नाहीत. खोलीला अट एकच: तिने इथे येऊन राहावं. मी नसले तर बाबांना दारावरची घंटा कोण सांगणार? मला मरणाची भीती फारशी नाही, त्यावर बरंच वाचून झालं आहे. या घरात बाबा एकटे राहतील, याची वाटते.

कलम ६. मला काळ्या टी-शर्टातच निरोप द्यावा. ती चांगल्या जागी गेली, असं कोणीही म्हणू नये.

सह्यांपूर्वी एक नोंद. ग्रंथपाल बाई साक्षीला आल्या होत्या, दुसरा साक्षीदार आणायला मुंगीला पाठवलं होतं. तो आत्याला घेऊन आला. तिने उभ्यानेच सगळा कागद वाचला आणि विचारलं, “‘चालती हो’ नव्हतं ते?” मी रेकॉर्ड लावली. गुरगुर आली आणि बाबा उठून आत गेले. आत्या म्हणाली, तिला अजूनही तेच ऐकू येतंय. मग आतून कपांचा आवाज आला. तिने मोजले असावेत आणि त्यात तिचाही निघाला असावा, कारण तिने पदर डोळ्यांना लावला.

मग तिने पेन मागितलं. मी म्हटलं, आत्या, सही केलीस तर खोली जाईल.

“वाचलंय मी,” ती म्हणाली. “खोली जिची आहे तिनेच येऊन झाडावी. मी तोवर इथे आहे.”

लिहून देणार: चिमटी (सही)

साक्षीदार १: ग्रंथपाल बाई (सही)

साक्षीदार २: आत्या (सही)

ठिकाण: आमचं स्वयंपाकघर

दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस, चहाची वेळ