पाठमोरे श्रोते

प्रति,
मेहेरबान अव्वल तालुकदार साहेब,
कचेरी, जिल्हा बीड.

अर्जदार: सत्यभामा भ्रतार बद्रीनाथ, राहणार मोमिनाबाद, हल्ली मुक्काम मौजे सावरदरा, तालुका पाटोदा.

विषय: मयत उत्तरेश्वर वल्द गहिनीनाथ यांच्या वाचनालयाच्या दारावरील मोहर काढण्याबाबत व तेथे मोठ्याने वाचण्यास परवानगी मिळण्याबाबत.

संदर्भ: गावच्या चौकीचा पंचनामा, ता. १८ खुर्दाद १३४० फसली.

महोदय,

१. ता. १८ खुर्दादच्या दुपारपर्यंत सावरदऱ्यास माझ्या माहेरी सर्व काही रोजच्यासारखे होते. माझे वडील उत्तरेश्वर यांनी सकाळी बैलांना पाणी दाखवले, ज्वारीची भाकरी आणि ठेचा खाल्ला, भाकरी जाड झाली म्हणून मला बोलले, आणि मग माझ्याच हातची दुसरी मागून घेतली. ऊन चढल्यावर धनगरांनी मेंढ्या चिंचेखाली बसवल्या व ते वाचनालयाच्या खोलीसमोर येऊन नेहमीप्रमाणे वडिलांकडे पाठ करून बसले. गावातल्या चार बायका भिंतीला लागून बसल्या. त्यांचीही तोंडे भिंतीकडे होती. ही रीत आपल्या कचेरीस ठाऊक असण्याचे कारण नाही, म्हणून ती आधी सांगते.

२. वाचनालयाची खोली पूर्वी कडब्याची होती. एक लाकडी पेटी भरेल एवढी पुस्तके आणि एक घोंगडी, एवढाच त्यातला सरंजाम. पुस्तके माझे यजमान मोमिनाबादेहून पाठवत. ते तेथे शाळेत मराठी शिकवतात. वाचनालयास सरकारची रीतसर परवानगी होती आणि तिच्यातली एक अट अशी होती की, जमावासमोर मोठ्याने वाचन करू नये. अट गैर आहे असे म्हणण्याचा माझा अधिकार नाही. परंतु आमच्या गावात अक्षर ओळखणारी माणसे फार थोडी. बाकीच्यांच्या दृष्टीने, मोठ्याने न वाचलेली खोली ही कडब्याचीच खोली राहते.

परवानगी देताना चौकीचे अमीन साहेब स्वतः आले होते. त्यांनी वडिलांना सांगितले, "पाटील, मनातल्या मनात वाचत जा."

वडील म्हणाले, "साहेब, मनात वाचलं तर मलाच ऐकू येत न्हाई."

अमीन साहेब भले गृहस्थ. ते हसले आणि म्हणाले, "मग एकटे बसून मोठ्यानं वाचा. पण तुमच्याकडं तोंड करून कुणी बसलेलं दिसलं तर तो जमाव झाला, एवढं ध्यानात ठेवा."

गावाने ते शब्दशः ध्यानात ठेवले. दुसऱ्या दिवसापासून लोक पाठ करून बसू लागले. सिदू धनगर, जो सर्वांत आधी येई आणि सर्वांत शेवटी उठे, तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "आमचं त्वांड मेंढरांकडं हाय. कान कुठं का आसंनात!" त्याची बायको भामाबाई म्हणे, "मी तर भित्ताडाशी बोलाया आलेय. इचारा भित्ताडाला."

३. वडिलांना मनात का वाचता येत नसे, त्याचे कारण मी आहे. बाळबोध अक्षरे त्यांना मी शिकवली. यजमानांनी मला शिकवले, आणि दिवाळीला माहेरी आले की मी वडिलांना शिकवत असे. तेव्हा त्यांची पन्नाशी उलटली होती. एकेक अक्षर मोठ्याने म्हणायला लावून शिकवले, ते तसेच जिभेवर बसले. मी कडक शिकवीत असे. चुकले की पुन्हा पहिल्यापासून. ते रागावत नसत. लोकांना सांगत, "माझी पंतोजी आलीया. चार दिस सांभाळून वाचावं लागतंय."

मला स्वतःला वाचनाचा मोठा अभिमान होता. मोमिनाबादेत यजमान वाचनालयातून पुस्तक आणत आणि ते मी एका दुपारी संपवत असे. वाचणे म्हणजे तोंड मिटून वाचणे, अशी माझी समजूत होती. वडिलांचे अडखळत, बोट फिरवीत, मध्येच थांबून लोकांशी वाद घालीत चाललेले वाचन ऐकले की मला अवघडल्यासारखे होई. खरे लिहायचे तर लाज वाटे.

४. या खोलीचा गावास काय उपयोग होता, असा प्रश्न आपण विचाराल. गेले वर्षभर तेथे एका व्यापाऱ्याची गोष्ट चालू होती. त्याचे जहाज वादळात सापडते आणि खलाशांना वाटायला पाणी पुरत नाही. आमच्या माणसांनी समुद्र पाहिलेला नाही. सिदूने विचारले, "समुद्र म्हंजी मांजरेला पूर आल्यावानी का?" वडील म्हणाले, "तसाच. फकस्त पलीकडचा काठ काढून टाक." यावर सिदू दोन दिवस विचार करीत होता. त्या व्यापाऱ्याने आधी लहान पोरांना पाणी द्यावे की वल्ही मारणाऱ्यांना, यावर विहिरीवर बायकांची भांडणे झाली. लिंबागणेशाच्या जत्रेहून परतलेली माणसे प्रसाद वाटण्याआधी विचारीत, "जहाजाचं कुठवर आलं?" एका धनगराने घाटाखाली मेंढ्या चारायला जाण्याचा बेत पुढे ढकलला, कारण प्रकरण अर्धे राहिले होते. त्याच्या मेंढ्यांची त्यात आबाळ झाली हे मी मान्य करते.

ज्यांनी कधी कोणाचे मत विचारले जाताना पाहिले नाही, त्या माणसांना तेथे रोज मत विचारले जात होते. याहून मोठा उपयोग मला सांगता येत नाही.

५. त्या दुपारी वडील जहाजात पाणी शिरते ते पान वाचत होते. मी आत उंबऱ्याजवळ बसले होते. ते पुस्तक माझे पूर्वी वाचून झालेले होते. वडिलांच्या हातून एक ओळ गळली. अर्थाला काही बाध येत नव्हता आणि ऐकणाऱ्या कोणाच्याही ते ध्यानात आले नव्हते. तरीही मी आतून मोठ्याने म्हणाले, "आबा, ओळ गाळलीत. वरून घ्या."

ज्या आवाजात पोरांना दटावतात, त्या आवाजात म्हणाले.

माणसे हसली. हसता हसता वडिलांचा चेहरा बघायला सगळी मागे वळली. सिदू म्हणाला, "मालक, आज छडी खाताव बगा!" वडीलही हसले. नेमके त्याच वेळी चौकीचा जवान पाटोद्याच्या रस्त्याने येत होता. त्याने जे पाहिले तेच पंचनाम्यात लिहिले आहे: बरेच इसम वाचणाऱ्याकडे तोंड करून बसलेले आढळले. यात एकही शब्द खोटा नाही आणि त्या जवानाविरुद्ध माझी कसलीही तक्रार नाही. तोंडे का वळली, एवढेच लिहावयाचे राहिले. तेवढे या अर्जान्वये मी पुरवीत आहे.

दिवस मावळण्यापूर्वी दाराला लाखेची मोहर लागली. जहाजाचे पुस्तक आतच राहिले. वडिलांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. रात्रीच्या जेवणाला बोलावले तेव्हा "भूक न्हाई" म्हणाले, इतकेच.

६. त्यानंतर आठवडाभरात त्यांना ताप आला. वैद्यांनी काढा दिला, पाटोद्याहून औषधही आणवले. ताप हटला नाही. ते ओसरीवर बाजेवर पडून असत. समोरच मोहर लावलेले दार दिसे, म्हणून मी बाज फिरवून ठेवली होती.

मी मोमिनाबादेहून येताना माझ्यासाठी एक पुस्तक आणले होते. वडिलांच्या उशाशी बसून मी ते मनात वाचत असे. एकदा ते म्हणाले, "हसलीस कावून?"

मी म्हणाले, "काही नाही आबा. पुस्तकात आहे."

"बरं," असे म्हणून ते मोठ्या कष्टाने कुशीवर वळले आणि माझ्याकडे पाठ करून पडले. त्यांना झोप येत असेल असे मला वाटले. आवाज होऊ नये म्हणून मी पान हळूच उलटले. थोड्या वेळाने त्यांनी मान किंचित वळवून पाहिले आणि पुन्हा पाठ केली. मी वाचत राहिले, मनात.

दोन दिवसांनी ते गेले.

७. दहाव्याला धनगर आले. पिंडाला कावळा शिवल्यावर सगळे घरी परतले आणि कोणी न सांगता मोहरबंद दारासमोर पाठ करून बसले. वाचायला कोणी नव्हते. तरी बसले. त्या ओळीने मांडलेल्या पाठी मी उंबऱ्यातून पाहिल्या, आणि वडील माझ्याकडे पाठ करून का पडले होते, ते मला तेव्हा समजले. त्यांनी मला कायद्यात बसवून दिले होते. मी मोठ्याने वाचावे म्हणून.

मग भामाबाईने विचारले, "ताई, जहाज बुडतंय का लागतंय काठाला? एवढं सांगा, मंग आमी उठतो."

मी सांगू लागले आणि मला आठवेना. एका दुपारी संपवलेले ते पुस्तक होते. वडिलांच्या तोंडून ऐकलेला भाग मला अजून त्यांच्या थांबण्यासकट आठवतो. शेवट मात्र मी मनात वाचला होता, आणि त्यातले काहीही राहिले नाही.

भामाबाई म्हणाली, "तुमाला बी ठावं न्हाई? आन् तुमी तर लई वाचता म्हन्त्यात."

तेव्हापासून गावात दोन तट पडले आहेत. सिदूच्या मते जहाज काठाला लागले, भामाबाईच्या मते बुडाले. त्यामुळे त्यांच्या घरात स्वयंपाक वेळेवर होत नाही. शिवाय धनगरांची अशी समजूत झाली आहे की, पुस्तक सरकारच्या मोहरेखाली असल्याने शेवट सरकारास माहीत असणार. सिदूने मला आग्रहाने सांगितले, "अर्जात तेवढं इचारून घ्या." त्याची समजूत मी दुरुस्त केलेली नाही. यापुढे कोणाला दुरुस्त करण्याचे धैर्य मला होत नाही. त्याचा प्रश्न मी येथे नोंदवला आहे.

८. तरी मेहेरबान साहेबांस विनंती अशी की, खोलीची मोहर काढण्याचा हुकूम व्हावा. परवाना वडिलांच्या नावे असल्याने तो त्यांच्याबरोबर संपला, असे अमीन साहेबांचे म्हणणे आहे. तो माझ्या नावे करावा. बाईच्या नावे होत नसल्यास माझ्या यजमानांच्या नावे करावा. त्यांची संमती आहे, आणि येथे राहून वाचण्याचे काम मी करीन. मी भरभर वाचते अशी लोकांची तक्रार येईल. ती मी सुधारून घेईन.

पंचनाम्यात जमाव जमवल्याचा दोष वडिलांच्या नावावर आहे. तो तेथून काढून माझ्या नावावर लिहावा. जी शिक्षा असेल ती मी घेईन. मेलेल्या माणसाच्या नावावर दोष ठेवून सरकारचा काही फायदा नाही, आणि माझ्या नावावर आल्याने मला पुष्कळ फायदा आहे.

आणि मोठ्याने न वाचण्याची अट काढावी. ती काढता येत नसेल तर निदान ऐकणाऱ्यांना समोर तोंड करून बसू द्यावे. पाठीवरून कोणाला ऐकावेसे वाटते आहे आणि कोणाला झोप येते आहे, हे ओळखता येत नाही. मला ओळखता आले नाही.

९. आपल्या कचेरीचे कामकाज उर्दूत चालते. मराठी अर्ज पेशकार साहेब हुजुरांसमोर मोठ्याने वाचतात आणि मग त्याचा उर्दूत तर्जुमा सांगतात, असे मला मोमिनाबादेत कळले. हा अर्जही तसाच वाचला जाईल. त्या वेळी कचेरीत इतर अर्जदार, शिपाई, वकील बसलेले असतील आणि त्या सर्वांची तोंडे वाचणाऱ्याकडे असतील. हे मी मुद्दा म्हणून मांडत नाही. मला फक्त त्या वाचनाचा थोडा उपयोग करून घ्यावयाचा आहे, त्याबद्दल क्षमा असावी. उशाशी बसून जे म्हणायला हवे होते ते मी म्हटले नाही, आणि आता रिकाम्या घरात म्हणवत नाही. पेशकार साहेबांनी ही शेवटची ओळ गाळू नये, ही विनंती.

आबा, इकडं तोंड करा. मी वाचते, तुम्ही ऐका.

हुकुमाची वाट पाहणारी,
सत्यभामा भ्रतार बद्रीनाथ
(दस्तुर खुद्द)

मौजे सावरदरा, ता. २१ तीर १३४० फसली.